एकच जॉइंट दर पाळीला का सुटतो? पाइपलाइनच्या सांध्यांचं समस्या निवारण

मोटर सुरू झाली की अर्ध्या तासात बांधाच्या कोपऱ्यावर चिखल दिसायला लागतो. उकरून बघितलं की एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, पाणी पाझरत असतं. पाइप पुसायचा, सोल्यूशन ओतायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची आणि माती लोटायची. पुढच्या पाळीला पुन्हा तिथंच डबकं. सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज, तासगाव, कुठंही जा, निम्म्या पाइपलाइनींवर असा एखादा कायमचा दुखरा सांधा असतोच. मग सोल्यूशनची कंपनी बदलली जाते, फिटर बदलला जातो, आणि शेवटी "पाइपच नरम निघाला" यावर विषय थांबतो.

पुन्हा पुन्हा गळणाऱ्या सांध्याचं कारण बहुतेक वेळा सोल्यूशनमध्ये किंवा पाइपमध्ये नसतं. तो सांधा कोणत्या जातीचा आहे हे न ओळखता त्याच्यावर दुसऱ्याच जातीचा उपाय केलेला असतो. प्रत्येक सांध्याला दोन कामं असतात. एक पाणी अडवायचं, दुसरं पाइप जागच्या जागी धरून ठेवायचं. ही दोन्ही कामं कधी एकच वस्तू करते, कधी दोन वेगळ्या वस्तू करतात, आणि एका प्रकारात तर पाइप धरणारं सांध्यात कुणीच नसतं. गळका सांधा समोर आला की पहिला प्रश्न हाच: इथं पाणी कोण अडवतंय आणि पाइप कोण धरतोय? त्यातला कोण कामचुकार झालाय हे कळलं की उपाय आपोआप ठरतो.

उकरायच्या आधी एक गोष्ट बघून ठेवा. गळती कधी होते? मोटर चालू होताना एकदम फवारा उडून नंतर कमी होते, पूर्ण दाबावर सतत होते, की मोटर बंद झाल्यावर पाणी निथळतं? सुरू होताना उडणारं पाणी सांधा हलतोय असं सांगतं. सतत झिरपणारं पाणी पाणी अडवणाऱ्याची चूक दाखवतं. बंद झाल्यावर निथळणारं पाणी काही सांध्यांत दोषच नसतो, ते पुढे येईल.

सोल्यूशनचा सांधा

करड्या पीव्हीसी पाइपवर सगळ्यात जास्त हाच असतो. इथं दोन्ही कामं सोल्यूशन करतं. पण सोल्यूशन हा डिंक नाही, हे पक्कं लक्षात घ्या. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं, पाइपचा आणि सॉकेटचा (पाइप ज्यात शिरतो त्या तोंडाचा) मऊ झालेला थर एकमेकांत मिसळतो, द्रावक उडून जातो आणि दोन्ही मिळून एकच प्लास्टिक होतं. म्हणून बाहेरून कपलरच्या (दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्याच्या) तोंडावर सोल्यूशनचा लेप दिला तर काहीच होत नाही. आत वितळायला एकमेकांना टेकलेले पृष्ठभाग हवेत, आणि ते कोरडे हवेत.

सुटलेला कपलर फेकून देऊ नका. करवतीच्या पानाने तो लांबीत उभा कापा आणि आतून उजेडात धरा. जिथं जोड खरा झाला होता तिथं पृष्ठभाग खरखरीत, ओरबाडल्यासारखा दिसतो, कारण तिथलं प्लास्टिक फाटून निघालेलं असतं. जिथं जोड झालाच नव्हता तिथं नव्या पाइपसारखी चकाकी असते, किंवा सोल्यूशनचा सुकलेला पापुद्रा नखाने सोलून निघतो. चकाकी खालच्या बाजूला एका पट्ट्यात असेल तर चरात पाइप ठेवून वरूनच ब्रश फिरवला होता, खाली पोहोचलाच नाही. सगळीकडे बारीक मातीचा थर असेल तर पाइप पुसला नव्हता. आणि सगळीकडे पापुद्रा सुटत असेल तर माप चुकलं आहे किंवा पाइप ओला होता. एवढ्या एका कापणीने पुढचं अर्धं निदान होतं.

मापाचा घोळ आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. शेतीचा करडा पीव्हीसी पाइप आयएस 4985 प्रमाणे बनतो आणि त्याचं माप बाहेरच्या व्यासाचं, मिलिमीटरमध्ये असतं: 50, 63, 75, 90, 110. बोलताना आपण 63 ला दोन इंची, 75 ला अडीच इंची, 90 ला तीन इंची आणि 110 ला चार इंची म्हणतो. पण घराच्या प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी पाइप अमेरिकन मापाने बनतो. त्याच्या दोन इंचीचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी, अडीच इंचीचा 73, तीन इंचीचा 88.9 आणि चार इंचीचा 114.3 मिमी. म्हणजे तोंडी "दोन इंची" दोन्ही, पण प्रत्यक्षात जवळपास 3 मिमीचा फरक.

आता घरकामातून उरलेला पांढरा दोन इंची तुकडा शेतातल्या 63 च्या कपलरमध्ये घातला की तो सहज जातो. सहज जातो हेच वाईट. चारी बाजूंनी सव्वा मिलिमीटरहून जास्त फट राहते आणि ती सोल्यूशनने भरून काढली जाते. जाड थरातलं सोल्यूशन लवकर सुकत नाही, सुकताना आकसतं, आणि त्याला दाब सोसत नाही. पहिल्या दिवशी सांधा कोरडा दिसतो, आठवड्यात घाम फुटल्यासारखा झिरपायला लागतो. तीन इंचीचा फरक तर आणखी फसवा आहे. 90 आणि 88.9 हाताला सारखेच लागतात. उलट पांढरा चार इंची पाइप 110 च्या कपलरमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथं निदान चूक लगेच कळते.

बरोबर जोडी ओळखायची सोपी खूण आहे. सोल्यूशन न लावता पाइप कोरडाच सॉकेटमध्ये घाला. तो साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. तळापर्यंत सैल गेला तर ती जोडी वापरू नका, कितीही महागडं सोल्यूशन असलं तरी.

दुसरा घोळ काळ्या पाइपचा. स्प्रिंकलरचा किंवा विहिरीतला 63 चा एचडीपीई पाइप बाहेरून 63 मिमीच असतो, त्यामुळे तो पीव्हीसीच्या कपलरमध्ये छान बसतो. पण पॉलिथिलीनला पीव्हीसीचं सोल्यूशन विरघळवू शकत नाही. तिथं मिसळण्यासारखं काही घडतच नाही. एचडीपीई जोडायचा तर तापलेल्या प्लेटवर दोन्ही टोकं वितळवून एकमेकांवर दाबायची, किंवा कॉम्प्रेशन फिटिंग वापरायचं, किंवा फ्लँज (बोल्टने आवळायची चकती). सोल्यूशन हा मार्गच नाही.

तिसरा, पाचटाच्या जाळावर पाइपचं तोंड तापवून सॉकेट काढणं. कपलर आणायला गावात जायचा कंटाळा आला की हे होतं. तापवून फुगवलेल्या जागी पाइपची भिंत पातळ होते, एका बाजूला जास्त तापली तर वाकडी होते, आणि करपलेल्या पृष्ठभागावर सोल्यूशन नीट धरत नाही. लाइनचा सगळ्यात कमजोर भाग आपण सगळ्यात जास्त ताण येणाऱ्या ठिकाणी तयार करतो. कपलरचे पैसे वाचतात आणि भर उन्हाळ्यात पाण्याची पाळी जाते. माझं मत विचाराल तर दाबाच्या लाइनवर हे कधीच करू नये.

जोडायची पद्धत बहुतेकांना माहीत असते, तरी जिथं चुकते तेवढं सांगतो. पाइप काटकोनात कापा आणि कानशीने बाहेरची धार उतरती करा, नाहीतर ती धार आत जाताना सोल्यूशन पुढे ढकलत नेते. कोरड्या फडक्याने दोन्ही भाग पुसा. चकाकी पॉलिश पेपरने मारा. सॉकेटला पातळ आणि पाइपला जरा भरपूर असा पूर्ण गोल हात द्या. लगेच घालून पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरकतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा वाजता सोल्यूशन ब्रशवरच सुकतं, म्हणून हे काम सकाळी करा. घट्ट होऊन तार धरणारं सोल्यूशन टाकून द्या, त्यात थिनर घालून ते जिवंत होत नाही. आणि 63 च्या पुढच्या लाइनला दाब द्यायच्या आधी 24 तास थांबा. रात्रीची लाइट आहे म्हणून संध्याकाळी जोडून रात्री मोटर सोडली तर तो सांधा कधीच पक्का होणार नाही.

जुन्या लाइनमध्ये दुरुस्ती करताना वेगळीच अडचण येते. दोन्ही टोकं मातीत पक्की, पाइप मागे सरकवायला जागा नाही, आणि चढावरच्या लाइनीतून पाणी थेंब थेंब येतच राहतं. इथं घाई करून अर्धवट घातलेला कपलर पुन्हा सुटतो. खराब भागाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मीटर लाइन मोकळी उकरा, म्हणजे पाइप थोडा वर उचलून कमानीसारखा वाकवता येतो आणि तुकडा दोन कपलरनी पूर्ण खोलीपर्यंत बसवता येतो. येणारं पाणी खालचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून आधी काढा. पाणी थांबतच नसेल तर सोल्यूशनचा नाद सोडा आणि बोल्टने आवळायचा, आत रबरी पॅकिंग असलेला कपलर बसवा. त्याला ओल चालते. मात्र तो पाइप धरून ठेवत नाही, म्हणून सरळ लाइनीतच वापरा, वळणावर नको.

रबर रिंगचा सांधा

नदीवरून वर येणाऱ्या मोठ्या लाइनींना हा असतो. सॉकेटच्या आत खाच आणि खाचेत रबरी रिंग. पाणी रिंग अडवते. पाइप मात्र सांध्यात कुणीच धरत नाही, तो नुसता आत सरकवलेला असतो. त्याला आजूबाजूची दाबलेली माती धरते आणि वळणावर काँक्रीट धरतं. ज्या लाइनचं रिंगचं तोंड वळणाजवळ वारंवार निसटतं तिथं रिंग बदलून उपयोग नाही, तिथं धरणाराच नाही.

किती ताकद लागते ते बघा. 110 मिमी पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 95 चौरस सेंमी. लाइनमध्ये 4 किलो दाब, म्हणजे दर चौरस सेंमीला 4 किलो, असेल तर बंद टोकावर सुमारे 380 किलोचा रेटा येतो. काटकोनी एल्बोवर तो सुमारे 540 किलो होतो. मुरमाच्या दोन पाट्या लोटून हा रेटा थांबत नाही. एल्बोच्या बाहेरच्या बाजूला, न हललेल्या मातीला टेकून काँक्रीटचा ठोकळा घालावा लागतो. टी, एंड कॅप आणि रिड्युसरलाही हेच. ठोकळा घालताना सांध्याचं तोंड काँक्रीटमध्ये बुडवू नका, पुढे रिंग बदलायची झाली तर फोडायला लागेल.

रिंग बसवताना तिला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा जळकं ऑइल लावू नका, खनिज तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत लिबलिबीत होतं. पाइपवर आत किती घालायचा याची खूण करून घ्या आणि खुणेच्या जरासं अलीकडे थांबा, म्हणजे पाइपला उन्हाळ्या-हिवाळ्यात लांबायला जागा राहते.

कृष्णाकाठच्या मळीच्या रानात आणखी एक कारण आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर, आणि पुन्हा 2021 ला, ज्यांच्या लाइनी अनेक दिवस पाण्याखालच्या चिखलात होत्या त्यांनी आपले रिंगचे सांधे एकदा तरी उघडून बघायला हवेत. रिकामा 110 चा पाइप पाण्यात बुडाला की मीटरमागे साधारण साडेनऊ किलोने वर ढकलला जातो. माती चिखल झालेली असेल आणि वर भर कमी असेल तर लाइन उचलली जाते, सांधे तिरके होतात आणि रिंगमध्ये गाळ शिरतो. पूर ओसरल्यावर लाइन चालते, पण एकेक सांधा नंतर दगा देत राहतो. पुराचा इशारा आला की मोटर वर काढायची घाई असतेच, पण लाइन पाण्याने भरलेली ठेवता आली तर ठेवा. भरलेला पाइप तरंगत नाही.

आट्यांचा सांधा

मोटरचं तोंड, एनआरव्ही (पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह), फिल्टर, व्हेंचुरी (खत ओढून घेणारं फिटिंग), एअर व्हॉल्व्ह, इथं आटे येतात. पाइप आटे धरतात, पाणी आट्यांमधली टेफ्लॉन टेप अडवते. इथल्या तक्रारी दोनच: टेप कितीही गुंडाळली तरी गळतं, नाहीतर फिटिंगच चिरतं.

चिरण्याचं कारण आधी. बाहेरचे आटे निमुळते असतात, जितके आत जातात तितके पाचरीसारखे आतल्या आट्यांना फाकवतात. लोखंडी निपल प्लास्टिकच्या एफटीएमध्ये (आतून आटे असलेल्या फिटिंगमध्ये) पाइप पान्ह्याने आवळला तर चीर लांबीत पडते, बहुतेक वेळा लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दाबाखाली. उलट करा. प्लास्टिकचा एमटीए (बाहेरून आटे असलेलं फिटिंग) लोखंडी किंवा पितळी आतल्या आट्यात घाला, म्हणजे बाहेरचा धातू फाकत नाही. तसं करता येत नसेल तर पितळी आटे बसवलेला एफटीए मिळतो, तो घ्या. हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने एक-दीड फेरा पुरे. अजून गळत असेल तर आवळू नका, सोडा आणि टेप पुन्हा गुंडाळा. टेप आट्याच्या तोंडाकडून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर आवळताना तीच सुटून गोळा होते. आणि एकदा पूर्ण आवळून मग एल्बोचं तोंड नीट दिसावं म्हणून अर्धा फेरा उलटा फिरवलात तर तो सांधा गळणारच.

टेप लावूनही गळतं त्याचं एक कारण दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडचे आटे बीएसपी जातीचे. बाहेरून आलेल्या काही फिल्टर, व्हॉल्व्ह आणि खताच्या पंपांना एनपीटी आटे असतात. बीएसपी आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचात 14 आटे, त्यामुळे ते एकमेकांत बसतात, पण कोन वेगळा असल्याने बारीक फट राहते आणि झिरपत राहतं. एक ते दोन इंचाला बीएसपीचे 11 आणि एनपीटीचे साडेअकरा आटे. ते दोन-तीन फेरे छान जातात आणि मग जाम होतात. तिथं जोर लावला की आटे खाल्ले जातात. चांगला स्वच्छ आटा मध्येच अडकतो आहे असं दिसलं की थांबा, दुसऱ्या फिटिंगच्या आट्याला आटा लावून उजेडात बघा. फट दिसली की जात वेगळी. त्या फिल्टरसोबत मिळणारा अडॅप्टरच वापरायचा.

जिथं टेप लावायचीच नाही

युनियन (नट सोडून उघडता येणारा जोड) आणि कॉम्प्रेशन फिटिंग यांनाही आटे असतात, म्हणून लोक त्यांनाही टेप गुंडाळतात. त्या आट्यांचं काम फक्त आवळायचं. युनियनमध्ये पाणी ओ-रिंग किंवा वायसर अडवतं. टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि उलट गळती वाढते. ओ-रिंगच्या बसायच्या जागेवरचा वाळूचा एक कण पुरतो, तो पुसा.

कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये ओ-रिंग पाणी अडवते आणि दातेरी फुटकी रिंग पाइप धरते. पाइप बाहेर सरकतोय तर दातेरी रिंग उलटी आहे किंवा नट ढिला आहे. पाइप जागेवर आहे पण पाणी येतंय तर पाइप ओ-रिंगच्या पुढे गेलाच नाही, किंवा पाइपवर लांबीत ओरखडा आहे. घालायच्या आधी फिटिंग पाइपशेजारी धरून किती आत जायचं तिथं खूण करा. टोकाची धार उतरवा, नाहीतर ती ओ-रिंग कापते.

फ्लँजला समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, एक बाजू पूर्ण करून दुसरी नाही. जुनं पॅकिंग पुन्हा वापरू नका.

स्प्रिंकलरचे कपलर

क्लिपने लागणारे काळे पाइप. क्लिप धरते, आतली ओठ असलेली रबर रिंग पाणी अडवते. पाण्याचा दाबच तो ओठ पाइपवर चिकटवतो. त्यामुळे मोटर बंद झाली की पाणी निथळतं, आणि सुरू होताना दाब येईपर्यंत थोडं गळतं. हा दोष नाही. पूर्ण दाबावरही गळत असेल तर रिंग काढून बघा: खाचेत माती आहे का, रिंगची खोलगट बाजू पाण्याकडे आहे का, ओठ फाटलाय का. पाइप ओढत नेताना तोंड जमिनीवर घासून टोकाला चरे पडतात, तेही तपासा. सगळे गळत असतील तर एकूण दाबच कमी आहे. मोटरच्या ताकदीपेक्षा जास्त नोझल एका वेळी लागली असतील, दोन काढून बघा.

ड्रीपच्या नळ्या

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाणी आणि खत दोन्ही सुरू होतं, आणि तेव्हाच सबमेनवर, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपवर, जागोजागी ओल दिसते. ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी रिंग) आणि टेक ऑफचा (त्यात बसून नळी जोडणाऱ्या तुकड्याचा) हा सांधा. भोकाचं माप इथं सर्वस्व आहे. ग्रोमेटसोबत सांगितलेल्या मापाचंच ड्रिल हवं, आणि ते सरळ उभं धरून मारायचं. तिरकं मारलं की भोक लंबगोल होतं आणि ग्रोमेट एका बाजूला मोकळं राहतं. भोकाच्या कडेचा प्लास्टिकचा चुरा चाकूने काढा. चुरा सबमेनच्या आत पडला तर पुढे ड्रिपर बंद करतो, म्हणून भोकं पाडून झाली की शेवटचा व्हॉल्व्ह उघडून लाइन धुवा आणि मगच नळ्या जोडा. भोक मोठं झालंच असेल तर मोठं ग्रोमेट कोंबू नका. ते भोक बंद करा आणि हातभर अंतरावर नवीन पाडा.

जॉइनर, म्हणजे नळीचे तुकडे जोडणारं फिटिंग, निसटण्याचं कारण बहुधा नळीची जाडी. 16 मिमी हे माप जवळपास सारखं असलं तरी पातळ आणि जाड नळीचं आतलं भोक वेगळं असतं, आणि जॉइनर बसतो आत. जुन्या जाड नळीचे जॉइनर नव्या नळीला लावले की ते दुपारी, नळी उन्हाने मऊ झाल्यावर, एकामागून एक निघतात. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून जॉइनर घाला, काडी लावून तापवू नका. आणि ठिबकला साधारण 1 किलो दाब पुरतो. सबमेनवर दोन-अडीच किलो येत असेल तर जॉइनरला दोष देण्याआधी बायपासचा व्हॉल्व्ह उघडा.

सांधा बरोबर असूनही सुटत असेल तर

माप बरोबर, जोड बरोबर, तरी तोच एल्बो सुटतोय. मग कारण लाइनमध्ये दुसरीकडे आहे.

पहिला संशय पाण्याच्या धक्क्याचा. सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम अडलं तर पीव्हीसी पाइपमध्ये नेहमीच्या दाबावर आणखी साधारण 4 ते 6 किलोचा धक्का बसतो. लाइट गेली, चढावरचं पाणी मागे फिरलं आणि एनआरव्ही धाडकन बसला की हा धक्का पूर्ण लाइनभर पळतो. लाइट येता-जाता ऑटो स्टार्टर मोटर सोडतो, तेव्हा रिकाम्या लाइनीतली हवा दाबली जाते आणि तोच प्रकार पुन्हा. एनआरव्हीचा आवाज घरापर्यंत येत असेल तर तो नुसता आवाज समजू नका. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवा, आणि असेल तर तो गंजून अडकलेला नाही ना ते बघा. मोटरजवळचा गेट व्हॉल्व्ह सुरुवातीला पाव उघडा ठेवा, लाइन भरली की हळूहळू पूर्ण करा. एका प्लॉटचा बॉल व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी दुसऱ्याचा उघडा. पाइपवर छापलेला वर्गही, म्हणजे तो किती किलो दाब सोसतो ते, वाचा. 10 मीटर चढ म्हणजे 1 किलो दाब. नदीपासून 35 मीटर वर पाणी न्यायचं असेल तर साडेतीन किलो नुसत्या चढाचेच, त्यावर घर्षण. तिथं 4 किलोचा पाइप धक्का सोसायला काहीच शिल्लक ठेवत नाही. निदान खालच्या टप्प्यात तरी 6 किलोचा घाला.

दुसरा संशय उष्णतेचा. पीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण 0.07 मिमी लांबतो. भर दुपारी तापलेला पाइप जोडून लगेच बुजवला आणि त्यात 25 अंशांनी थंड पाणी आलं, तर 6 मीटरचा एक पाइप जवळपास 1 सेंमी आखडतो. वीस पाइपांच्या सरळ लाइनमध्ये ते 20 सेंमी होतात. सगळी ओढ टोकाच्या एल्बोवर येते. तुमचा सुटणारा सांधा लांब सरळ लाइनच्या टोकालाच असेल तर कारण इथं शोधा. चरात पाइप जरा नागमोडी टाका आणि सकाळी गारव्यात बुजवा. फिल्टरजवळची उघड्यावरची लाइन उन्हाने फिकी पडून ठिसूळ होते, तिला पांढरा रंग द्या किंवा तिथं लोखंडी वापरा.

तिसरा संशय जमिनीचा. काळं रान उन्हाळ्यात फाटतं आणि पावसात फुगतं. पाइप दीड फुटावर असेल तर या हालचालीसोबत तोही हलतो, शिवाय ट्रॅक्टरचं चाक वरून जातं. अडीच-तीन फूट खोली घ्या. जत, आटपाडी, खानापूरच्या मुरमाड रानात उलट त्रास: चरातला अणकुचीदार दगड पाइपला एकाच ठिकाणी टेकतो आणि सांध्याशेजारी केसासारखी चीर पडते. गळती सांध्यातून आल्यासारखी वाटते, पण सांधा धडधाकट असतो. खाली-वर चार बोटं बारीक माती घाला. दुरुस्तीनंतर सांधे उघडे ठेवून मधल्या भागावर माती टाका, पूर्ण दाबावर लाइन तासभर चालवून बघा, आणि मगच सांधे बुजवा.

दुकानात जाताना "दोन इंची एल्बो द्या" एवढंच सांगू नका. पाइपचा वीतभर कापलेला तुकडा सोबत न्या, त्यावर माप आणि वर्ग छापलेला भाग येईल असा. आट्याचं काम असेल तर जुनं फिटिंग न्या. आणि नवीन फिटिंग काउंटरवरच त्या तुकड्यावर कोरडं बसवून बघा. निम्म्यात अडकलं तर घ्या, सैल तळाला गेलं तर परत द्या.